सीडीची डबी, दह्याचा कप आणि थर्माकोल: तिघांवरही ६ आकडाच का?

निरीक्षक

प्लॅस्टिकच्या वस्तूंच्या तळाशी जो बाणांचा त्रिकोण असतो, त्यातले आकडे हल्ली मी बघायला लागलो आहे. बाकीच्या आकड्यांचं गणित जमतं, पण ६ वर येऊन अडतो. सीडीची पारदर्शक डबी जरा जास्त वाकवली की कडकन तुटते. दह्याचा पांढरा कप दाबला तर चेपतो, घडीवर पांढरी रेघ उमटते, पण तुकडे होत नाहीत. आणि थर्माकोल तर नखानेही दबतो. तिन्हींवर आकडा ६ आणि खाली पीएस, म्हणजे पॉलिस्टायरीन.

एकाच पदार्थाचे स्वभाव इतके वेगळे कसे? फक्त व्याख्या नको आहे, ती सगळीकडे मिळते. आत नक्की काय घडतं आणि त्यामुळे कोणता प्रकार कशाला चालतो, हे कुणी समजावून सांगेल का?

रसशाळा

प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याच्या उत्तरात पॉलिमरचं, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचं, बरंचसं रसायनशास्त्र येऊन जातं. थोडक्यात सांगायचं तर डबीत पॉलिस्टायरीन नुसतं आहे, कपात त्याच्याबरोबर रबर आहे आणि थर्माकोलात हवा आहे. आता सविस्तर.

स्टायरीन हा उग्र गोडसर वासाचा, पातळ द्रव. बेंझीन आणि इथिलीनपासून आधी एथिलबेंझीन करतात आणि त्यातला हायड्रोजन काढून स्टायरीन मिळवतात. त्याचे रेणू एकमेकांना जोडले गेले की कार्बनची लांब साखळी तयार होते आणि तिच्या एकाआड एक कार्बनवर बेंझीनचं कडं लटकत राहतं. नेहमीच्या वापरातल्या मालात एका साखळीत साधारण एक ते चार हजार स्टायरीन असतात.

सगळी मेख त्या कड्यात आहे. ते अवजड आहे, जागा अडवतं, त्यामुळे साखळीला सहजी वळता येत नाही. पॉलिथिलीनच्या साखळीवर असं काही लटकलेलं नसतं, म्हणून त्याची पिशवी मऊ राहते. पॉलिस्टायरीनच्या साखळ्या नेहमीच्या तापमानाला जागच्या जागी आखडलेल्या असतात. ताण आला तर सरकून तो झेलायची सोय नाही, मग तडा जातो. साधारण १०० अंश सेल्सियसला या साखळ्या हलायला लागतात आणि वस्तू मऊ पडते.

दुसरी गोष्ट, ही कडी साखळीच्या कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला असतात, त्यात क्रम नसतो. क्रम नाही म्हणून साखळ्या नीट रचून स्फटिक बनत नाहीत. स्फटिक नाहीत म्हणून प्रकाश विखुरला जात नाही आणि डबी आरपार दिसते. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचं माप, १.५९, खिडकीच्या काचेचा १.५२ च्या आसपास. म्हणून नव्या डबीला ती खास चकाकी असते. विशेष उत्प्रेरक वापरून कडी एकाआड एक बाजूला बसवली तर तेच पॉलिस्टायरीन स्फटिकी होतं आणि २७० अंशांपर्यंत वितळत नाही. घटक तेच, फक्त मांडणी बदलली. मला स्वतःला या पदार्थातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

कपाबद्दल नंतर लिहितो, तास आहे.

पेशीघर

रसशाळा, वाट बघते. तोवर प्रयोगशाळेतून एक भर.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकदाच वापरायच्या पेट्री डिश जवळपास सगळ्या याच नुसत्या, पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या असतात. स्वच्छ दिसतं, साच्यातून काढल्यावर अर्ध्या टक्क्याच्या आसपासच आकसतं, त्यामुळे झाकण आणि तळ बरोबर बसतात, आणि किरणोत्साराने निर्जंतुक करता येतं. ऑटोक्लेव्हमध्ये मात्र अजिबात घालायचं नाही. तिथे १२१ अंशांची वाफ असते, डिशचा आकारच राहत नाही.

पेशी वाढवायच्या डिशवर आणखी एक संस्कार करतात. पॉलिस्टायरीनला पाणी आवडत नाही, थेंब वर गोळा होऊन बसतो आणि प्राण्यांच्या पेशी नीट चिकटत नाहीत. म्हणून तळाच्या पृष्ठभागावर प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा विद्युत विसर्गाची प्रक्रिया करून तिथे ऑक्सिजनचे गट बसवतात. मग पाणी पसरतं आणि पेशी पाय रोवतात. साधी डिश आणि प्रक्रिया केलेली डिश शेजारी ठेवून दोन्हींत एकेक थेंब टाकून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

निरीक्षक

हे कधीच माहीत नव्हतं. दोघांचे आभार. रसशाळा, कपाचं राहिलंय.

रसशाळा

कपाच्या प्रकाराला एचआयपीएस म्हणतात, म्हणजे आघात सोसणारं पॉलिस्टायरीन. ते करताना पॉलिब्युटाडाईन नावाचं रबर आधी स्टायरीनच्या द्रवातच विरघळवतात आणि मग साखळ्या जोडायला सुरुवात करतात. पॉलिस्टायरीन तयार होत जातं तसं रबर त्यातून वेगळं होऊन मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाचे गोळे बनतात. काही साखळ्या रबरालाच कलम झालेल्या असतात, त्यामुळे गोळे सुटून येत नाहीत.

हे रबर धक्का झेलतं, पण स्वतः दबून नव्हे. ताण आला की प्रत्येक गोळ्याभोवती अतिसूक्ष्म भेगा सुरू होतात. या भेगा पूर्ण उघड्या नसतात, त्यांच्या दोन कडांमध्ये पॉलिमरचे तंतू ताणलेले असतात. एक मोठा तडा जाण्याऐवजी अशा असंख्य बारीक भेगांत ऊर्जा वाटली जाते, आणि एखादी भेग वाढत निघालीच तर पुढच्या गोळ्याशी अडते. कपाच्या घडीवर जी पांढरी रेघ दिसली ती म्हणजे याच भेगांचा समूह. रबराच्या गोळ्यांमुळे प्रकाश विखुरतो, म्हणून हा प्रकार दुधी असतो, पारदर्शक होत नाही. फ्रीजच्या आतलं अस्तर, खेळणी, उपकरणांची कवचं यांत हा भरपूर असतो.

घरी ओळखायच्या दोन खुणा. नुसत्या पॉलिस्टायरीनचा तुकडा फरशीवर टाकला तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो, बाकी प्लॅस्टिकचा आवाज बद्द असतो. आणि घनता: भरीव पॉलिस्टायरीन १.०५, म्हणजे साध्या पाण्यात हळूच बुडतं पण मीठ भरपूर विरघळवलेल्या पाण्यात तरंगतं. पॉलिप्रॉपिलीन दोन्हींत तरंगतं, पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, दोन्हींत बुडतं. आकडा पुसला गेलेला असेल तर ही चाचणी चांगली उपयोगी पडते. मात्र तुकड्यावर हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत ना, ते बघून घ्या.

कातरकाम

अजून एक खूण, आणि बघायला सुंदर. लॅपटॉपवर पूर्ण पांढरी खिडकी उघडा, त्यासमोर सीडीची डबी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल थोडा फिरवावा लागेल. डबीत इंद्रधनुषी पट्टे दिसतात. साच्यात गरम माल ज्या बारीक तोंडातून आत आला तिथे ते दाट असतात आणि तिथून पंख्यासारखे पसरतात. माल कसा वाहिला, कुठे साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच थिजल्या, सगळं त्यात वाचता येतं. डबी नेहमी ज्या कोपऱ्यात तडकते तिथेही बघा.

मी वास्तूंची मॉडेलं करते. थर्माकोल आणि त्यापेक्षा घट्ट, रंगीत येणारी पाटी, दोन्ही वापरते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, या दोघांत मूळ फरक काय? पाटी कापली की कड गुळगुळीत येते, थर्माकोलाचे दाणे सुटतात. दोन, स्प्रेचा रंग मारला की खड्डे का पडतात?

बाष्पयंत्र

पहिल्याचं उत्तर मी देतो, थर्माकोल मोल्डिंगमध्ये बरीच वर्षं आहे.

आमच्याकडे कच्चा माल येतो तो फुललेला नसतो. साखरेच्या दाण्याएवढे, किंवा त्याहून बारीक, भरीव मणी असतात. त्यांच्या आत पेंटेन हा सहज उडून जाणारा द्रव मुरवलेला असतो, वजनाच्या साधारण ४ ते ७ टक्के. हे मणी प्री-एक्सपांडरमध्ये, म्हणजे फुगवायच्या यंत्रात, टाकून वाफ सोडली की पॉलिस्टायरीन मऊ पडतं, आतलं पेंटेन वायू होऊन ढकलायला लागतं आणि मणी फुगतो. चाळीसपट, कधी त्याहून जास्त.

पुढची पायरी लोकांना माहीत नसते पण मालाचा दर्जा तिथेच ठरतो. फुगलेला मणी गार झाला की आतली वाफ आणि बरंचसं पेंटेन द्रव होतं, म्हणजे आतल्या पेशींत (बारीक बंद कप्प्यांत) दाब फार कमी होतो. अशा वेळी मणी दोन बोटांत धरला तर चेपून तसाच राहतो. म्हणून तो जाळीच्या सायलोमध्ये, म्हणजे उंच कोठीत, काही तास नुसता ठेवायचा. हवा भिंतींतून हळूहळू आत शिरते, दाब सारखा होतो आणि मणी उसळी घ्यायला लागतो. घाई केली तर ब्लॉक बसतो, कडा आत ओढल्या जातात. फार दिवस ठेवला तर उरलंसुरलं पेंटेन उडून जातं आणि साच्यात मणी एकमेकांना धरत नाहीत. हा मधला काळ हवामान आणि घनता बघून ठरवायचा असतो, तो हाताला कळतो.

मग साचा भरायचा आणि परत वाफ. आता मण्यांना फुगायला जागा नाही, ते एकमेकांवर दाबले जातात, गोलाचे बहुकोन होतात आणि भिंती एकमेकींत वितळून जुळतात. थर्माकोल मोडून तुटलेली कड बघा. भेग मण्यांच्या मधूनच आरपार गेली असेल आणि कापलेले मणी दिसत असतील तर माल चांगला जुळलेला आहे. गोल, अख्खे मणी सुटे होऊन हातात येत असतील तर वाफ कमी पडली किंवा मणी शिळे होते. कातरकाम, तुमच्याकडचे दाणे सुटतात ते यामुळे.

तुमची रंगीत पाटी म्हणजे एक्सपीएस. तिच्यात मणी नसतातच. वितळलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये दाबाखाली वायू मिसळून ते चिरेतून बाहेर ढकलतात, बाहेर येता येता फुगतं. सलग असल्यामुळे कड गुळगुळीत येते आणि मण्यांमधल्या बारीक फटी नसल्याने पाणीही कमी शिरतं. जमिनीखाली, ओलीत ती जास्त चांगली.

रसशाळा

बाष्पयंत्र, प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. सायलोचं हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं.

कातरकाम, रंगाचं: पॉलिस्टायरीनमधली कडी ज्या द्रवांना जवळची वाटतात, त्या द्रवांत साखळ्या सुट्या होऊन विरघळतात. ॲसिटोन, टोल्युइन, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही चालतं. बहुतेक स्प्रेमध्ये यांतलं किंवा यांच्यासारखंच काहीतरी असतं. म्हणजे रंगाने थर्माकोल जळत नाही की वितळत नाही, तो विरघळतो. ९८ टक्क्यांपर्यंत हवा असल्याने एवढी मोठी वस्तू बघता बघता बसते आणि तळाशी थोडासा चिकट गोळा उरतो. तो गोळा म्हणजेच खरं पॉलिस्टायरीन.

संत्र्याच्या सालीतलं लिमोनीनही हेच करतं. साल वाकवून उडणारा बारीक फवारा थर्माकोलावर घ्या, खळगे पडतील.

तेव्हा पाण्यातला ॲक्रिलिक रंग आणि लाकडाचा पांढरा गोंद वापरा. स्प्रेच हवा असेल तर आधी या रंगाचे एकदोन पूर्ण थर द्या, कुठे छिद्र राहू देऊ नका. मात्र पांढरा गोंद दोन मोठ्या पाट्यांमध्ये वाळायला फार वेळ घेतो, कारण पाण्याला बाहेर पडायला वाट नसते.

कातरकाम

गोंदाचं अगदी बरोबर, मध्ये ओलाच राहतो. गरम तारेने कापताना धूर येतो, त्याचं काय?

बाष्पयंत्र

धूर येतोय म्हणजे तार गरजेपेक्षा जास्त तापली आहे. लाल तर कधीच करायची नाही. तार मालाला टेकायच्या जरा आधीच माल वितळून वाट देतो, इतकीच ऊब पुरते. हात सावकाश पण न थांबता न्या. थांबलात की तिथे खाच रुंद होते. खिडक्या उघड्या ठेवा, ताज्या ब्लॉकमधून पेंटेन अजून निघत असतं आणि ते पेट घेतं. ताजा माल निदान काही दिवस मोकळ्या हवेत राहू दे.

मुक्ता_वाचते

माझा प्रश्न वेगळा आहे. गरम पेय या कपातून पिणं कितपत सुरक्षित? घरात लहान मुलं आहेत, आणि याबद्दल एकतर घाबरवणारं नाहीतर अगदी निर्धास्त करणारं, असं दोन टोकांचंच वाचायला मिळतं.

पेशीघर

मुक्ता, काळजी रास्त आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर उत्तर सोपं होतं.

पॉलिस्टायरीन, म्हणजे जोडली गेलेली साखळी, शरीरात शोषली जाण्यासारखी नाही. प्रश्न आहे तो जोडायचं राहून गेलेल्या थोड्या स्टायरीनचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला गट २अ मध्ये टाकलं, म्हणजे माणसात बहुधा कर्करोगकारक. त्यात मुख्य आधार होता तो कारखान्यांत स्टायरीनची वाफ रोज श्वासात घेणाऱ्या कामगारांचा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. कपातून पेयात उतरतं ते प्रमाण त्या मानाने फारच कमी असतं. पण ते शून्य नसतं, आणि तीन गोष्टींनी वाढतं: उष्णता, स्निग्ध पदार्थ आणि वेळ.

म्हणून माझं स्पष्ट मत: गार आणि कोरडं असेल तर चिंता नको. उकळतं, तेल-तूप असलेलं काही त्यात ठेवू नका, आणि मायक्रोवेव्हमध्ये कधीच घालू नका. पाणी १०० अंशांवर जात नाही पण तेलाचा तवंग सहज जातो, आणि भांडं मऊ पडायला तेवढं पुरतं. घरात काच, स्टील, चिनी माती असताना मुलांना गरम पेय यातून द्यायचं कारणच नाही.

मुक्ता_वाचते

धन्यवाद पेशीघर, हेच हवं होतं. काय टाळायचं ते नेमकं कळलं.

रस्तेबांधणी

धागा छान रंगलाय. थर्माकोल म्हटलं की लोकांना फक्त पॅकिंग आठवतं, म्हणून माझ्या क्षेत्रातलं सांगतो.

१९७२ मध्ये नॉर्वेमध्ये पुलाला जोडणारा रस्ता सारखा खचत होता. खाली दलदलीची माती, वर भराव टाकावा तर त्याच्याच वजनाने आणखी खचणार. तिथे त्यांनी मातीचा भराव काढून थर्माकोलाचे मोठे ठोकळे रचले आणि वर रस्ता केला. आता हे तंत्र जगभर वापरतात, जिओफोम म्हणतात.

आकडे बघा. मातीचा भराव घनमीटरला १,८०० ते २,००० किलो. थर्माकोल २० किलो. म्हणजे शंभरावा हिस्सा. आणि ताकद? २० किलो घनतेचा ठोकळा १० टक्के दबायला साधारण १०० किलोपास्कल दाब लागतो, म्हणजे एका चौरस मीटरवर दहा टन. प्रत्यक्षात आम्ही इतकं दाबत नाही. कायमच्या भाराखाली तो सावकाश बसत जातो, म्हणून १ टक्क्याच्या आसपासच दबेल असा हिशोब धरतो. वरून काँक्रीटचा थर किंवा पेट्रोल न झिरपू देणारं आवरण लागतंच, टँकर उलटला तर काय होईल ते रसशाळांनी वर सांगितलंच आहे. शिवाय पूर आला तर हाच भराव तरंगायला बघतो. भूजल कुठवर चढतं हे न पाहता हा वापरणं धोक्याचं.

निरीक्षक

रस्त्याखाली थर्माकोल! हे खरोखर नवीन आहे माझ्यासाठी. मग उष्णता अडवणं आणि आग, याबद्दलही कुणी सांगा.

रस्तेबांधणी

उष्णता अडवते ती मुख्यतः आतली हवा. स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पण मोकळ्या जागेत ती स्थिर राहत नाही, फिरते आणि उष्णता नेते. थर्माकोलच्या बंद पेशी इतक्या लहान असतात की हवेला फिरताच येत नाही. उष्णतावाहकता ०.०३ ते ०.०४ वॅट प्रति मीटर केल्विन. लशींच्या खोक्यांपासून इमारतीच्या भिंतींपर्यंत सगळीकडे हाच गुण कामाला येतो.

आग मात्र गंभीर विषय. पॉलिस्टायरीन सहज पेटतं, पिवळी ज्वाला आणि दाट काळी काजळी, जळते थेंब खाली पडतात. बांधकामाच्या मालात ज्वालारोधक घालतात. पूर्वी एचबीसीडी हे ब्रोमीनयुक्त रसायन घालत, पण ते निसर्गात टिकून राहतं आणि सजीवांत साठतं म्हणून २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे अशा टिकाऊ घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. आता बहुतेक ठिकाणी लांब साखळीचं ब्रोमीनयुक्त पॉलिमर वापरतात. पण ज्वालारोधक घातला म्हणून पाट्या उघड्या ठेवायच्या नाहीत. त्यावर प्लास्टर किंवा जिप्समचं आवरण हवंच.

आणि एक बारकावा वायरिंग करणाऱ्यांसाठी. पीव्हीसीची वायर थर्माकोलला थेट टेकवून ठेवू नका. वायरच्या आवरणात मऊपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं. थर्माकोल तिथे खचतो आणि वायरचं आवरण कडक, ठिसूळ होतं. मध्ये नळी घाला.

पेशीघर

याच साखळ्या एकमेकींना आडव्या बांधून टाकल्या तर? डायव्हिनाइलबेंझीन घालून तसं करतात. मग ते कशातच विरघळत नाही, फक्त फुगतं. अशा बारीक मण्यांवर विद्युतभारित गट बसवले की पाण्याचा जडपणा काढणारी रेझिन तयार होते. आणि ब्रूस मेरीफील्ड यांनी १९६३ मध्ये असल्याच मण्यांना अमिनो आम्लाचं एक टोक बांधून त्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, बनवायची पद्धत दिली. प्रत्येक पायरीनंतर मणी धुवायचे, नको ते सगळं वाहून जातं आणि हवं ते मण्याला चिकटून राहतं. १९८४ चं नोबेल त्यासाठी मिळालं. आज औषधी पेप्टाइड मोठ्या प्रमाणावर बनतात ती याच विचारातून. पॉलिस्टायरीनबद्दल बोलताना हे सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

निरीक्षक

नोबेलवरून आठवलं, हा पदार्थ शोधला कुणी?

रसशाळा

बर्लिनच्या एडुआर्ड झिमोन या औषधविक्रेत्याने १८३९ मध्ये स्टोरॅक्स या सुगंधी राळेतून एक द्रव वेगळा केला, नाव दिलं स्टायरॉल. ठेवून दिल्यावर तो घट्ट झाला. त्याला वाटलं हवेतला ऑक्सिजन लागला. १८४५ मध्ये ब्लाइथ आणि हॉफमान यांनी ऑक्सिजनशिवायही तसंच घट्ट होतं हे दाखवलं, म्हणजे बाहेरून काही मिसळलेलं नाही. पण मग झालं काय, याचं पूर्ण उत्तर यायला १९२० उजाडलं. हेरमान श्टाउडिंगर यांनी ठाम मांडलं की हे हजारो छोट्या रेणूंनी खऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेले महारेणू आहेत. तेव्हाच्या बऱ्याच नामवंतांना ते पटलं नाही. नोबेल मिळालं १९५३ मध्ये. कारखान्यातलं उत्पादन जर्मनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि मण्यांचा थर्माकोल त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९५० च्या सुमारास, बीएएसएफच्या फ्रिट्झ श्टास्टनी यांच्या कामातून आला.

कातरकाम

माझ्याकडे कापलेल्या तुकड्यांचा ढीग साठलाय. टाकवत नाही. त्याचं पुढे काय होऊ शकतं?

बाष्पयंत्र

स्वच्छ असेल तर खूप काही. थर्माकोलची अडचण अशी की गाडी भरते पण वजन भरत नाही, हवाच वाहून न्यावी लागते. म्हणून गोळा होतो तिथेच तो दाबून घट्ट करावा लागतो. यंत्रात आकार चाळीस-पन्नासपट कमी होतो. मग ते वितळवून दाणे करतात आणि त्यातून फोटोफ्रेमच्या पट्ट्या, हँगर, पट्ट्या-कडा असा भरीव माल निघतो. आमच्याकडचं कापकाम आम्ही चुरा करून काही टक्के नव्या मण्यांत परत घालतो. फार घातलं तर जुळणी कमकुवत होते.

चिकटपट्टी, गोंद, रंग, खाद्याचे डाग असलेला माल मात्र कुणी घेत नाही. तेव्हा रंगवायच्या आधीच कापकाम वेगळ्या पोत्यात टाकत जा आणि तोंड बांधून ठेवा. चुरा अंगाला, कपड्याला चिकटतो कारण घासला की स्थिर वीज धरतो. वाऱ्यावर गेला की परत हाती येत नाही, पाण्यावर तरंगत लांब जातो आणि उन्हात पिवळा, ठिसूळ होऊन आणखी बारीक होत राहतो. कापायच्या टेबलावर ओला फडका फिरवा, झाडू नका.

पेशीघर

हेल्मेटचं कुणी लिहिलं नाही म्हणून पटकन लिहिते. आतलं जाड अस्तर थर्माकोलचंच असतं. आपटल्यावर त्याच्या पेशी चिरडतात आणि डोक्याकडे जाणारा धक्का त्यात खर्ची पडतो. चिरडलेल्या पेशी परत उभ्या राहत नाहीत आणि बाहेरून कवच धड दिसतं. जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. आणि ते पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नका, कारण वर आलंच आहे.

निरीक्षक

माझं हेल्मेट आत्ताच तपासतो. कातरकाम, गॉगलचा प्रयोग करून बघितला. डबी जिथे तडकली होती तो कोपरा बिजागरीचा होता, आणि पट्टे तिथेच सगळ्यात दाट होते.